तीन मशिनं, नऊशे ओळी

इस्पितळाच्या टायपिंगच्या खोलीत चार टेबलं होती आणि त्यातल्या शेवटच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पडदा गेली सोळा वर्षं बंद होता. मशीन चालू, पडदा बंद. साफसफाईला नवीन माणूस लागला की पहिल्याच आठवड्यात वर जाऊन सांगून यायचा, "कोपऱ्यातलं कॉम्प्युटर मेलंय हो, आणि एक बाई त्याच्यापुढं उगाच बटणं बडवत बसलीय." बाई उगाच बडवत नव्हती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. ज्याचा आपल्याला उपयोग नाही ते दिवसभर उजळून ठेवायचं कशाला, एवढाच तिचा विचार.

काम डॉक्टरांचे अहवाल टाइप करायचं. डॉक्टर बोलून ठेवायचे, ती ऐकून टाइप करायची. डाव्या कानात डॉक्टर. पायाखालचं पेडल दाबलं की तो बोलायचा, पाय उचलला की गप्प. असं सुख त्याच्या बायकोलाही मिळालं नसेल, असं ती म्हणायची. उजव्या कानात स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावर जे उमटेल ते वाचून दाखवणारा प्रोग्राम. तो तिनं इतका भरधाव लावलेला असायचा की दुसऱ्या कुणी कान लावला तर पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं ऐकू यायचं. तिला त्यातला शब्द न् शब्द कळायचा. दिवसाला साडेनऊशे ओळी, त्याही बिनचूक. डोळस टायपिस्टांना ते जमत नव्हतं, आणि ही गोष्ट ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची, त्यामुळं ती फारशी कुणाची लाडकी नव्हती.

तिला सगळे वकीलबाई म्हणायचे. चहा पुढं ठेवला तर कुणी सांगितला, का सांगितला, आजच का सांगितला. खुर्ची चार बोटं सरकलेली लागली की कोण बसलं होतं, किती वेळ, आणि कशाला. आता तिचा तरी काय दोष? लहानपणापासून "चल, पुढं काही नाही" असं सांगणारे तिला शेकड्यानं भेटले, आणि दर वेळी पुढं काहीतरी होतंच. कधी खांब, कधी सायकल, एकदा तर चक्क ओलं सिमेंट. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

एका सोमवारी परिपत्रक आलं. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टला सगळे वहिनी म्हणत. तिनं ते उभं राहून मोठ्यानं वाचलं. इस्पितळात इथून पुढं एकाच जातीची कॉम्प्युटरं राहणार. डॉक्टरांना मॅक हवं होतं, कारण त्यांच्या घरी तेच होतं. हिशेबखात्याला लिनक्स हवं होतं, कारण ते फुकट होतं. आणि आजवर जे चालत आलं ते विंडोज होतं. तेव्हा तिन्ही मशिनं टायपिंगच्या खोलीत दोन-दोन दिवस चालवून बघायची, आणि मग समिती ठरवणार. इथपर्यंत ठीक होतं. शेवटी एक ओळ होती. या चाचणीत ज्या कर्मचाऱ्याच्या दिवसाला नऊशे ओळी एकाही मशीनवर भरणार नाहीत, त्याला "सोयीचं काम" देण्यात येईल. खाली हेडक्लार्कसाहेबांची सही.

"नऊशे तर तुम्ही झोपेतही कराल," वहिनी म्हणाली.

सोयीचं काम म्हणजे काय, हे वकीलबाईला पक्कं ठाऊक होतं. इस्पितळाच्या दाराशी एक स्टूल होतं. पूर्वीच्या एका टायपिस्टचे हात थरथरायला लागले तेव्हा त्याला त्या स्टुलावर बसवलं होतं. दिवसभर आपलं डावीकडं वळा, उजवीकडं वळा, रक्त तपासणी दुसऱ्या मजल्यावर. चार महिन्यांत तो नोकरी सोडून गेला. जाताना म्हणाला होता, इथं मला माणसं पाटी समजतात. वकीलबाईला त्या स्टुलाची भीती वाटायची. ती हे कबूल करायची नाही, पण दारातून जाता-येताना तिचं पाऊल आपोआप भरभर पडायचं.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, मशिनं मांडायला रिस्टार्ट आला. हा इस्पितळाचा कॉम्प्युटरवाला. कुठल्याही दुखण्यावर त्याचं औषध एकच, बंद करून परत चालू करा, म्हणून हे नाव. पेपरमिंटच्या गोळ्या चघळत असायचा, त्यामुळं तो आला हे तिला तो दारात असतानाच कळायचं.

"ताई, आजपासून दोन दिवस विंडोज. नवं मशीन आहे, पण तुमचा नेहमीचा वाचणारा आणून बसवलाय."

"पासवर्ड?"

"चाचणीच्या मशीनना नाही. समितीला मधेच येऊन बघायचं असतं."

"म्हणजे कुणीही येऊन बसावं."

"कोण बसतंय ताई, त्या काळ्या पडद्यापुढं?"

तिनं सगळं बोटांनी तपासलं, सकाळभर काम केलं, आणि साडेबारापर्यंत चारशे ऐंशी ओळी काढल्या. मग ती कँटीनला जाऊन आली. परत येऊन कानात इअरफोनचं बोंड घातलं तर वाचणारा म्हणाला, "र… क्त… दा… ब."

एरवी एका दमात परिच्छेद गिळणारा गडी, आणि आता आजारी माणसासारखा एकेक अक्षर ओढत होता. शिवाय ती जे बटण दाबेल त्याचं नाव घ्यायला लागला, जे तिनं सोळा वर्षांपूर्वीच बंद करून टाकलं होतं. सगळं पुन्हा जागेवर आणायला वीसएक मिनिटं गेली, आणि मग डोकं तापलं ते तापलंच. संध्याकाळी मोजणी झाली, आठशे एकाहत्तर. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुन्हा तेच. आठशे सहासष्ट.

तिसऱ्या दिवशी रिस्टार्टनं लिनक्सचं मशीन मांडलं. फुकट ते पौष्टिक, असं पुटपुटत तिनं बोंड कानात घातलं आणि ताडकन उठली. तोच आवाज. तोच पत्र्याचा, सपाट, नाकातला आवाज, ज्याच्यासोबत तिनं सोळा वर्षं काढली होती.

"कालचंच मशीन परत मांडलंस तू."

"नाही ताई, शप्पथ."

"मग हा इथं कसा?"

"आवाजाचा प्रोग्राम वेगळा असतो, वाचणाऱ्याचा वेगळा. विंडोजवर तुमचा वाचणारा जो आवाज वापरतो, तोच इथला वाचणाराही वापरतो. घर बदललं, पाहुणा तोच."

तिचा विश्वास बसला नाही. तिनं डबा चारी बाजूंनी चाचपला. कालच्याचं बटण पुढं होतं, याचं वर होतं. मागच्या भोकांची संख्या वेगळी होती. मेनू चालवून बघितले, तर खोल्यांची मांडणी खरोखरच निराळी. तेव्हा कुठं ती बसली. मनातून तिला बरं वाटलं, पण ते तिनं रिस्टार्टला कळू दिलं नाही. त्या सकाळी चारशे सत्तर ओळी झाल्या. जेवून आली, तर पुन्हा "र… क्त… दा… ब." आठशे अठ्ठावन्न. शुक्रवारी आठशे बासष्ट.

आता हे कोण करत होतं? वहिनीला वकीलबाईची खिडकीजवळची जागा कधीपासून हवी होती. पण वहिनी जेवायला तिच्यासोबतच यायची आणि सगळा वेळ सुनेबद्दल बोलायची. मग वकीलबाईनं पडदा हातानं चाचपला. डोळस माणूस मशीनला बसला असता तर त्यानं आधी पडदा लावला असता, आणि लावलेला पडदा पाठीकडून कोमट लागतो. हा थंडगार होता. म्हणजे जो कुणी येत होता तो पडद्याशिवाय काम करत होता. अख्ख्या इस्पितळात असं काम करणारं तिच्याशिवाय कोण होतं? तिनं विचार केला, आणि एकच उत्तर निघालं. रिस्टार्ट. तो आपल्या खोलीत बसून वायरीवरून दुसऱ्याचं मशीन चालवू शकतो, हे तिला माहीत होतं. वरून ताई ताई, आणि आतून ही कारस्थानं.

ती तडक हेडक्लार्कसाहेबांकडं गेली. साहेब शांत माणूस, बोलायला मृदू. तिनं सगळं सांगितलं. कुणीतरी माझ्या मशीनला हात लावतंय, माझ्या ओळी खातंय, माझा संशय कॉम्प्युटरवाल्यावर आहे. साहेब बराच वेळ गप्प होते.

"मी बघतो," ते म्हणाले.

त्या गप्प बसण्याचाही तिला संशय आला. सगळे एकाला एक मिळालेले, असं ती संध्याकाळी घरी धाकट्या बहिणीला म्हणाली. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं ताई, एकदा लपून बस ना. तू हलली नाहीस की माणसं तुझ्याकडं बघतसुद्धा नाहीत, तूच सांगतेस."

पुढच्या सोमवारी मॅक आलं. यात वाचणारा मशीनसोबतच आलेला, वेगळा बसवायची भानगड नाही, हे तिला पटलं. पण आवाज मधाळ. आणि वाक्य संपलं की तो चक्क श्वास घ्यायचा. यंत्राला श्वास घ्यायची काय गरज पडली, हा प्रश्न तिनं रिस्टार्टला तीनदा विचारला. फुप्फुसं नाहीत आणि दम लागतोय, असल्यावर भरवसा कसा ठेवायचा? वेग वाढवला तरी शब्द स्वच्छ यायचे, ते ती नाकारत नव्हती. खरी अडचण हातांची होती. ज्या कामाला सोळा वर्षं करंगळी जात होती तिथं आता अंगठा न्यायचा होता, आणि वाचणाऱ्याला हाक मारायला दोन बटणं धरून तिसरं दाबायचं होतं. बोटं जुन्या वाटेनंच धावायची. दिवसअखेर सहाशे चाळीस.

मंगळवार शेवटचा दिवस. साडेबाराला ती सगळ्यांसोबत बाहेर पडली, वहिनीला म्हणाली डबा विसरला, आणि परत येऊन जुन्या अहवालांच्या रॅकमागं एका खोक्यावर बसली. खोली रिकामी. पाचएक मिनिटांनी दार वाजलं. पेपरमिंटचा वास आला नाही. बूट आले, हळू, भिंतीच्या कडेकडेनं. खुर्ची ओढली गेली. बोंडाची वायर काढून ठेवल्याचा आवाज झाला आणि मॅकचा मधाळ आवाज खोलीभर पसरला, वेग खाली, खाली, आणखी खाली.

"अ," मशीन म्हणालं.

"अ," माणूस हळूच म्हणाला. "मग खालचा बाण. नाही. दोन बटणं धरून बाण."

तिनं आवाज ओळखला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हेडक्लार्कसाहेब. ज्यानं परिपत्रक काढलं तो, ज्याच्याकडं ती तक्रार घेऊन गेली तो, जो "बघतो" म्हणाला तो. कुंपणच शेत खात होतं. ती उठली, रॅकच्या बाहेर आली आणि टेबलाच्या पलीकडं, दोन पावलांवर, समोर जाऊन उभी राहिली. दुपारचा एक वाजत आला होता. खिडकीतलं ऊन तिच्या दोन्ही हातांवर पडलं होतं.

"कोण आहे?" साहेब म्हणाले.

आवाज सरळ तिच्या तोंडावर आला, म्हणजे त्यांचा चेहरा तिच्याकडंच होता. तिनं जुळवलेलं सगळं भांडण तिथंच राहिलं. डोळस माणूस "कोण आहे" हे पाठीमागच्याला विचारतो. भर उन्हात समोर उभ्या असलेल्याला विचारत नाही. तसं फक्त ती विचारायची.

"मी आहे साहेब," ती म्हणाली. "किती दिवस झाले?"

साहेबांनी चाचपत मशीन बंद केलं.

"दीड वर्ष. मधलं गेलंय. कडेचं दिसतं, म्हणून चालता येतं. ज्याच्याकडं बघावं तेवढंच पुसलं जातं. आता कडाही आत यायला लागल्यात."

"घरी?"

"घरी वाटतंय, चष्म्याचा नंबर वाढलाय."

"आणि परिपत्रक?"

"वरून टाइप होऊन आलं. इथं सही करा म्हणाले. बोट ठेवलं तिथं केली. आत काय होतं ते वहिनींनी तुमच्या खोलीत वाचलं तेव्हा दारातून ऐकलं."

"आणि तेव्हाही गप्प बसलात."

"बसलो. निवृत्तीला सव्वादोन वर्षं आहेत, बाई. तेवढी काढायची म्हणजे हे शिकायला हवं, आणि कुणाला विचारायची सोय नाही. तिन्ही मशिनं बघितली. तुमचा तो सपाट आवाज मला झेपत नाही. हा श्वास घेतो ना, तर एकटं वाटत नाही."

तिला दया आली आणि त्याच क्षणी भयंकर रागही आला. "माझ्या ओळी खाल्ल्यात तुम्ही. निदान वेग होता तसा करून ठेवायचा."

"कमी करायचं बटण सापडलं होतं," साहेब म्हणाले. "वाढवायचं नाही सापडलं."

साहेब उठले. "कुणाला सांगू नका, एवढी विनंती आहे."

"आणि माझं काय? मला स्टुलावर बसवतील."

"मी बघतो."

"तुम्ही काय बघणार, साहेब?" ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतला नाही. त्या दिवशी सातशे पाच ओळी झाल्या.

"उद्या समितीत सांगून टाक," संध्याकाळी धाकटी म्हणाली. "त्यांनी तुझा विचार केला होता का? तू का मरतेस?" वकीलबाईलाही ते पटलं. तिनं वाक्य तयार केलं. 'या परिपत्रकावर सही करणाऱ्याला ते वाचताच येत नव्हतं, आणि माझ्या ओळी त्यानंच बुडवल्या.' एक वाक्य, की स्टूल गेलं. सकाळी तोंड धुताना तिनं ते दोनदा म्हणून बघितलं.

समितीत तिघं होती. हाडांची डॉक्टरीण, हिशेबनीस आणि हेडक्लार्कसाहेब. रिस्टार्ट दाराशी उभा होता. डॉक्टरिणीनं वकीलबाईला विचारलं, तिन्हींत फरक काय जाणवला?

"डब्याचा फरक मला नाही," ती म्हणाली. "आत वाचणारा कसा आहे आणि हात कुठं जातात, एवढंच माझं मशीन. विंडोजवर हात बसलेला आहे. लिनक्सवर आवाज ओळखीचा निघाला, वाटा नव्या, पण आठवड्यात बसतील. मॅकवर वाचणारा चांगला आहे, माझे हात नवे होते. महिनाभर द्या, तेही जमेल. खोट कुठल्याच मशीनमध्ये नाही."

"मग आकडे बघू," हिशेबनीस म्हणाले आणि त्यांनी कागद सरकवला. "साहेब, वाचा."

कागद हातात घेतल्याचा आवाज आला. मग काही नाही. वकीलबाईला साहेबांचा अंगठा ऐकू येत होता, कागदावरून वर जाणारा, खाली येणारा, जणू अक्षरं हाताला लागतील. लहानपणी छापील पुस्तकांवरून तिनंही असाच हात फिरवला होता.

"चष्मा विसरलात का?" डॉक्टरिणीनं विचारलं.

वाक्य वकीलबाईच्या जिभेवर होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. तिनं उघडलं आणि म्हणाली, "आकडे माझेच आहेत, मीच सांगते. आठशे एकाहत्तर, आठशे सहासष्ट. आठशे अठ्ठावन्न, आठशे बासष्ट. सहाशे चाळीस, सातशे पाच. नऊशे एकदाही नाहीत."

"एरवी तर तुमच्या साडेनऊशे होतात. कारण?"

"कारण काही नाही," ती म्हणाली. आपण असं का बोललो ते तिला कळलं नाही, आणि स्वतःची इतकी चीड तिला कधी आली नव्हती.

हिशेबनिसांनी सुस्कारा सोडला. नियम तो नियम, ते म्हणाले, आमचाही नाइलाज आहे. बदलीचा हुकूम त्यांनी टाइप करूनच आणला होता. पेनाचं टोपण निघालं. कागदावर बोट दोनदा वाजलं.

"साहेब, इथं सही."

"आधी वाचून दाखवा," हेडक्लार्क म्हणाले.

"अहो, तुमच्या पुढ्यातच आहे."

"वाचून दाखवा. मला दिसत नाही." "दीड वर्ष झालं. मागच्या परिपत्रकावर मी न वाचता सही केली. यांच्या ओळी कमी भरल्या त्या माझ्यामुळं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या मशीनवर शिकत होतो. यांना ते माहीत आहे. आत्ता विचारलंत तरी बोलल्या नाहीत."

डॉक्टरिणीनं आपली खुर्ची साहेबांजवळ ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कुणाला दाखवलंत का?" साहेब नाही म्हणाले. हिशेबनिसांनी हुकूम परत घेतला, दोनदा दुमडला. मग त्यांना नुसतं बसवेना, म्हणून त्यांनी घसा साफ करून विचारलं, "मग मशीन कुठलं घ्यायचं ठरलं?"

"कुठलंही घ्या," वकीलबाई म्हणाली. "पण माझ्या खोलीत पडदा न लागणारी दोन लागतील."

हिशेबनीस लिहून घेऊ लागले.